अकरा ओळींनंतर

६ जानेवारी, सोमवार
डबा विसरले, छत्तीस वेळा आठवण करूनसुद्धा. ऑफिसचा जिना चढतेय तोच पांडेजीचा फोन. पांडेजी म्हणजे सांडपाण्याच्या लाइनी सांभाळणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर. मला नावाने हाक मारत नाही कधी, "नक्शेवाली मॅडम". आज भलताच खुशीत. "मॅडम, आपका सिस्टम एक नंबर! दो मिनिट में पकड लिया." म्हटलं कोणाला? म्हणे व्हॉल्व्हवाल्याला.
काल दुपारी नवापूरच्या खाडीत लाल पाणी उतरलं. कारखान्यांचं सांडपाणी वेगळ्या लाइनीने शुद्धीकरणाला जातं, पावसाळी नाल्यात त्याचा थेंब यायचा नाही. आला. मग पांडेजीने आमच्या नकाशाच्या सिस्टमला विचारलं, नाल्याच्या या चेंबरपर्यंत पाणी कुठून कुठून येऊ शकतं? अकरा ओळी आल्या, एकेक ओळ म्हणजे एकेक वाट. अकराच्या अकरा १७ नंबरच्या व्हॉल्व्हमधून. सांडपाण्याची लाइन नि नाला यांच्यामधला तो व्हॉल्व्ह कायम बंद, चावी लाइनवरच्या जनाकाकांकडे. झालं. पडद्याचा फोटो काढून ग्रुपवर. खाली हिरव्या अक्षरात "यादी पूर्ण".
आमच्या मनोज सरांनी ऑफिसात पेढे मागवले. फेब्रुवारीत ठेकेदाराशी आमचं कंत्राट नवं व्हायचंय, त्यात हे, म्हणजे दुधात साखर. मी एक खाल्ला.
जनाकाका? जनाकाका असं करतील?

७ जाने., मंगळ
काकांना काढलं. "कल से मत आना", एवढंच. ठेक्यावरचा माणूस, कागद नाही काही नाही. पोलिसांत द्यायचं की नाही ते "वर" ठरणार म्हणे.
मन लागत नाही कशात. दोन वर्षांपूर्वी हा नकाशा भरायला घेतला तेव्हा ठेकेदाराकडचे नकाशे निम्मे उंदरांनी खाल्लेले, निम्मे खोटे. दोन महिने मी नि जनाकाका कारखान्यांची वसाहत पायी हिंडलो. ते पुढे पहार घेऊन, मी मागे टॅब घेऊन. झाकण उचलायचे, वास घ्यायचे, सांगायचे, "हा इकडना येतो, हा तिकडं जातो." चेंबरांना नंबर आहेत पण लाइनवरची माणसं नंबर वापरत नाहीत. चिंचेचं चेंबर. रडवं चेंबर, कारण त्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येतं. जावयाचं चेंबर, कारण सारखं तुंबतं नि सगळ्यांना हात जोडून उभं करतं. मी सगळी नावं घातली. प्रत्येक चेंबर एक ठिपका, प्रत्येक पाइप एक रेष. ग्राफ डेटाबेस म्हणजे तेवढंच. तो ग्राफ माझा म्हणतात सगळे. भरला काकांनी.
काकांची शाळा चौथी. नवापूरचा कोळी माणूस, होडी भावाला देऊन इथे लागला, त्याला तीस वर्षं झाली.

८ जाने., बुध
काका ऑफिसला आले. दारातच उभे, चपला हातात. फरशी पुसलेली होती म्हणून. सर बाहेर होते, देवाची कृपा.
मी "बसा ना काका, चहा…" वगैरे. बसले नाहीत.
"पोरी, बंद कंपनीच्या मागची जुनी आडवी लाइन मी तुला दाखवली होती. मशीनीत टाकलीस ना ती?"
"टाकली काका."
"ती नाल्यालाच जाते. माज्या व्हॉल्व्हला शिवतपन नाय."
"हो."
"मंग दिसली का नाय?"
खरंच की. ती लाइन कुठल्याच नकाशात नव्हती. पांडेजी तेव्हा हसला होता, "बुढ्ढा सपना देखता है." काकांनी हट्टाने मला काट्याकुट्यातून नेलं, झाकण दाखवलं, आणि मी ती घातली. मग अकरा ओळींत ती का नाही?
म्हटलं, बघते. "बग," म्हणाले नि गेले. चहा राहिलाच.

८, परत
तोच प्रश्न आत्ता चालवला. तेच चेंबर, सगळं तेच.
अडतीस ओळी.
अडतीस!! बारावी ओळच आडव्या लाइनीची. पुढच्या बऱ्याचशा तिच्यातूनच येणाऱ्या. १७ नंबरचा संबंध नाही.
कोणी नंतर काही भरलंय का, तेही पाहिलं. नाही. डेटा तोच. रविवारीही अडतीसच असणार होत्या.

९ जाने., गुरु
लॉग, म्हणजे सिस्टमची रोजनिशी, उघडला. रविवारच्या दुपारी, पांडेजीने प्रश्न टाकला त्याच मिनिटाला, ओळ आहे: "११ पाठवल्या. प्रवाह तुटला. वेळमर्यादा."
कपाळ माझं.
पूर्वी सगळी उत्तरं आधी गोळा करायचो, मग एकदम पाठवायचो. मोठा प्रश्न आला की सर्व्हरची मेमरी फुटायची, सिस्टमच आडवी. म्हणून गणपतीच्या सुमारास मी स्ट्रीमिंगवर नेलं. डेटाबेसला जशी ओळ सापडेल तशी ती घ्यायची, पडद्यावर सोडायची, विसरायची. साठवायचं काही नाही. काय फुशारकी मारली होती मी. अजूनही चांगलंच आहे ते, पण मधेच तुटलं तर?
रविवारी दुपारी बॅकअप चालतो. सगळं रखडतं. तीस सेकंदांत झालं नाही तर डेटाबेस हात वर करतो. जवळच्या वाटा आधी सापडतात, म्हणून १७ नंबरच्या अकरा आधी आल्या. आडवी लाइन लांबची. ती यायच्या आत तीस सेकंद संपले.
बरं, तुटलं. तुटतं कधी कधी. पण मग पडद्यावर "यादी पूर्ण" कोणी लिहिलं?

१० जाने., शुक्र
मी लिहिलं. दुसरं कोण लिहिणार.
कोड समोर आहे. माझाच हात, माझीच तारीख. ओळी पाठवण्याचा भाग, त्याखाली चूक झाली तर पकडायचा भाग, आणि त्याखाली काहीही झालं तरी चालणारा शेवटचा भाग. "यादी पूर्ण" मी त्या शेवटच्या भागात लिहिलंय. सुरळीत संपो, मधे तुटो, दोन्ही वेळा हिरवं.
आणि हे चुकून नाही. हे नीट लिहायला हवं, निदान इथे तरी. सप्टेंबरात ठेकेदाराला दाखवायला नेलं तेव्हा मधेच लाल पट्टी आली, "निकाल अपूर्ण". सर घामाघूम. परत येताना गाडीत म्हणाले, "लाल काही दिसलं नाही पाहिजे. बाकी तू बघ." मी बघितलं. चूक पकडायची, लॉगमध्ये एक ओळ टाकायची, पडद्यावर चकार शब्द नाही. नंतर नीट करू म्हटलं. नंतर दिवाळी आली. मग राहिलं ते राहिलंच.
उत्तर एकदा सुटायला लागलं की "सगळं ठीक" हा निरोप ब्राउझरला आधीच गेलेला असतो. मागे घेता येत नाही. म्हणून शेवटी काय लिहितेस त्यालाच महत्त्व. हे मी इंटर्न पोरींना शिकवते. मोठी आली शिकवणारी.

११ जाने., शनि
सरांना सांगितलं. दार लावून.
आधी समजलं नाही, मग समजलं, मग चेहरा बदलला. लॅपटॉप माझ्याकडे वळवून, "दुरुस्त किती वेळात होईल?" म्हटलं, अर्ध्या दिवसात. "मग कर ना. गप्प कर. कोणाला सांगायची काय गरज?"
"जनाकाकांचं काय?"
"अगं, आडवी लाइन आहे म्हणजे काकांनी व्हॉल्व्ह उघडला नाही असं सिद्ध होतं का? नाही ना? मग?"
हे त्यांचं खरं आहे, आणि तेच मला जास्त लागलं. सिद्ध काहीच होत नाही. पण "दुसरी वाटच नाही" म्हणून काढलं ना त्यांना? ती वाट आहे. एवढं तरी.
"फेब्रुवारी होऊ दे," म्हणाले. शेवटी आवाज खाली आणून, "इथे सात जणांची घरं चालतात."
सरांचा राग येत नाही नीट, हाच त्रास. वाईट माणूस नाही. माझ्या बाळंतपणात सहा महिने जागा राखून ठेवली होती.

१२ जाने., रवि
नवऱ्याला सांगितलं, नितीनला. त्याची सेकंड शिफ्ट, दुपारी जेवताना. तो प्लँटमध्ये ऑपरेटर, त्याला गेजचं उदाहरण देऊन सांगितलं तेव्हा पटकन कळलं. "म्हणजे काटा अडकला होता नि तू काचेवर नॉर्मल चिकटवलंस."
हो. अगदी तेच.
"तू मुद्दाम त्यांना अडकवलं नाहीस पण."
"नाही."
"मग कशाला जिवाला लावून घेतेस? सरांनी सांगितलंय ना गप्प बस म्हणून?"
भांडले त्याच्याशी. उगाच. भाजी खारट झाली होती त्यावरून सुरू केलं. शिफ्टला जाताना न बोलता गेला. मग फाटकापासून परत आला नि म्हणाला, "आमच्याकडे असं कोणी केलं असतं ना, तर मी त्याला सोडलं नसतं." गेला.

१३ जाने., सोम. भोगी
कोड दुरुस्त केला. आता शेवटची ओळ डेटाबेसने स्वतः "संपलं" म्हटलं तरच हिरवी. तुटलं तर लाल: "निकाल अपूर्ण, यावर निर्णय घेऊ नका." वाक्य मुद्दाम लांबलचक ठेवलं. सरांनी पाहिलं.
तीन तासांचं काम. तीन तास! त्यासाठी सप्टेंबर ते जानेवारी.
लॉग पंधरा दिवसांनी आपोआप पुसला जातो. तो नियमही मीच घातलेला. म्हणजे पाच तारखेची ती ओळ आणखी आठवडाभर. मी काही केलं नाही तर आपोआप पुराव्यासकट सगळं साफ, आणि मला बोटही लावावं लागणार नाही. किती सोयीचं.
प्रत काढून घेतली. पेन ड्राइव्ह पर्समध्ये. कोणासाठी काढली, अजून ठरलं नाही.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ द्यायच्या निमित्ताने पांडेजीला गाठलं, साइटवर. सरांना न विचारता. म्हटलं, उस दिन लिस्ट पूरी नहीं आयी थी. अडतीस की थी.
लाडू तोंडात, हसला. "अरे मॅडम, रिपोर्ट तो ऊपर जा चुका."
म्हटलं गलत रिपोर्ट गया है.
"आपने ही तो लिखा था, पूर्ण." फोनमध्ये तो फोटो काढून दाखवला. हिरवी अक्षरं. "अब आप बोलेंगी अधूरा. कल फिर कुछ बोलेंगी. हम किसको मानें?"
तिळगूळ घ्या नि गोड बोला.

१६ जाने., गुरु
बोईसरच्या बाजारात काकी. जनाकाकांची बायको, मासळी विकायला बसते, मी तिची नेहमीची गिऱ्हाईक. बोंबिलाचा वाटा मागितला. तिने मान वर केली, पाहिलं, नि शेजारणीला म्हणाली, "हिला तू दे."
तिथेच उभी राहिले. बायका बघताहेत. शेवटी काकीच बोलली, माझ्याकडे न बघता. "काम गेला त्याचा काय नाय गो. काम काय, मिळल. पन गावात म्हनतान, जनाने आपल्याच खाडीत इख सोडला. त्याचा सख्खा भाव बोलत नाय. देवळात जाऊन बसला तर बाजूचा उठतो. ह्या वयाला."
मी काय ते सांगायला तोंड उघडलं, आणि परत मिटलं. बाजारात, सगळ्यांसमोर, मासळीच्या पाटीपुढे मी स्ट्रीमिंग समजावणार होते?
खोटं. समजावता आलं असतं. भ्याले मी.
बोंबील न घेताच आले.

१७ जाने., शुक्र
ताप. की तापाचं नाटक, माझं मलाच कळत नाही. घरी. दिवसभर सरावलीतली ही खिडकी नि समोरचा वॉटर टँक.
मला भीती कसली वाटते? नोकरीची, हो. बोईसरात दुसरीकडे हे काम कोण देणार. पण तेवढीच नाही. "नक्शेवाली मॅडम" म्हणतात ते आवडतं मला. लाइनवरची माणसं झाकण उघडायच्या आधी मला फोन करतात. ते जाईल, त्याची जास्त.
लिहून टाकलं एकदाचं. लाज वाटते वाचताना.

१८ जाने., शनि
गेले नवापूरला. रिक्षाने, एकटी. नितीन येतो म्हणाला, नको म्हटलं.
काका ओटीवर जाळं विणत होते. भावाचं नाही, दुसऱ्या कोणाचं, मजुरीवर. काकी आत गेली ती बाहेर आलीच नाही.
सगळं सांगितलं. अकरा, अडतीस, लाल पट्टी, मी ती का काढली, सगळं. सरांचं नाव नाही घेतलं. पट्टी काढणारे हात माझे. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडलेच मेली.
काका विणतच होते. गाठ मारता मारता, "म्हंजे माजी लाइन होती मशीनीत."
"होती काका. पहिल्यापासून."
"बरा."
मी म्हटलं, सोमवारी ठेकेदाराकडे लेखी देते. लॉगची प्रत आहे.
"त्यांना नंतर दे. आदी आमच्या लोकांत सांग. उद्या सकाली देवळाशी जमतान सगले, होड्यांचा काय काय ठरवाला. तिकडं ये."
"मी? तिकडे?"
"मंग कोन? मी सांगून मानतान काय?"

१९ जाने., रवि
जाऊन आले. 
पन्नासेक माणसं, बायका मागे. काका एका कडेला, आजूबाजूला दोन माणसांची जागा मोकळी. मी उभी राहिले. ऑफिसातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी सुचलं तसं. म्हटलं, समजा देवळाच्या वर्गणीची यादी कोणी वाचतोय. अकरा नावं वाचली नि त्याचा आवाज बसला. पुढची नावं वाचलीच नाहीत. आणि मी मागून ओरडले, "संपली यादी!" उरलेल्यांनी दिलंच नाही असं तुम्ही धरून चाललात. चूक त्या वाचणाऱ्याची नाही. ओरडले मी.
कळलं त्यांना. लगेच कळलं. एक म्हातारी फाडकन म्हणाली, "आनि ओरडलीस कशाला गो, भवाने?"
सांगितलं कशाला. लाल दिसू नये म्हणून.
मग प्रश्न. पाणी सोडलं कोणी? माहीत नाही. आडव्या लाइनीतून आलं? येऊ शकतं, आलंच असं नाही. "मंग तुला ठावं तरी काय हाय?" एवढंच ठाऊक आहे म्हटलं, की जनाकाकांशिवाय वाट नव्हती हे खोटं आहे.
काकांचा भाऊ पुढे आला. मला वाटलं काकांकडे जाईल. माझ्याकडे आला. "कागदावर लिवून दे. सही कर." वहीचं पान फाडून दिलं कोणीतरी. लिहिलं, सही केली, खाली पूर्ण नाव. भावाने ते मोठ्याने वाचून दाखवलं. लोक माना डोलवायला लागले. एकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला, "जना, तू तं सुटलास!"
मला हायसं वाटलं. अगदी एक क्षणभर, खरंच.
तेवढ्यात काका उठले. खांद्यावरचा हात बाजूला केला. आवाज चढवला नाही. "हिच्या मशीनीने सांगितला जना चोर, तुमी मानला. आता हिच्या कागदाने सांगितला जना साव, तुमी मानता. तीस वरसं मी हितला हाय. दोन्ही येलेला मला कोनी इचारला नाय, जना, तू उघडलास काय रे?"
भाऊ कागदाकडे बघत उभा.
काका घरी गेले. मी मागे गेले नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या बुधवारी ते दारात उभे होते, तेव्हा पण मी आधी सिस्टमला विचारलं.

२० जाने., सोम
सकाळीच ठेकेदाराकडे ईमेल. लॉग, अडतीस ओळी, काय झालं ते, माझं नाव. सरांना प्रत. दहा मिनिटांत सरांचा मेसेज, "हे काय केलंस तू", मग काही नाही. ऑफिसला गेले तर केबिनचं दार बंद. जागेवर बसले.
दुपारी पांडेजी. आवाजात मस्करी नव्हती. उद्या अकराला ठेकेदाराच्या ऑफिसात चौकशी, वरचे साहेब येणार, लॅपटॉप घेऊन या, सगळं परत चालवून दाखवा.
विचारलं, जनाकाकांना बोलावलंय ना?
"उनका क्या काम? सिस्टम की बात है."
म्हटलं, ते आधी बोलतील. त्यांना आधी विचारायचं, काय झालं म्हणून. नंतर मी चालवून दाखवेन. ते नसतील तर मीही येत नाही.
"मॅडम, आप शर्त रखने की हालत में हैं क्या?"
नाही, म्हटलं. तरी.
पूछता हूं म्हणाला नि ठेवला. मग काकीला फोन केला. तिने उचलला. म्हटलं, काकांना विचार, उद्या अकराला येतील का. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. आत दोघांचं काहीतरी बोलणं, मला कळलं नाही. परत आली.
"ते म्हनतान, तिकडं खुर्ची देनार काय बसाला, का उभाच ठेवतान?"
मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं. पांडेजीला तीनदा फोन लावला, उचलत नाही.